आईच्या वयाचे गणित

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात ‘डबल मार्कर’ ही रक्ततपासणी सांगितली जाते. प्रयोगशाळेच्या अर्जावर आईची जन्मतारीख अचूक लिहावी लागते, कारण होणाऱ्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता काढण्याची सुरुवात तिथूनच होते. मग सोनोग्राफीत दिसणारी बाळाच्या मानेमागची जाडी आणि रक्तातील दोन घटक यांची त्यात भर पडते. त्या हिशेबात वडिलांचे वय मात्र धरले जात नाही. असे का, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. त्याचे उत्तर संगणक नसलेल्या काळात, कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणाऱ्या एका इंग्लिश डॉक्टरने दिले होते. त्यांचे नाव लायोनेल शार्पल्स पेनरोज.

पेनरोज यांचा जन्म ११ जून १८९८ रोजी लंडनमध्ये झाला. घर क्वेकर पंथाचे. वडील चित्रकार, आई बँकिंगमधील धनाढ्य घराण्यातली. भाऊ रोलंड पुढे नामवंत चित्रकार झाला. क्वेकर मंडळी शस्त्र हाती धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या महायुद्धात तरुण लायोनेल फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात राबले. युद्धानंतर केंब्रिजला त्यांनी गणिती तर्कशास्त्र आणि मानसशास्त्राचा अभ्यास केला. मग ते व्हिएन्नाला गेले आणि फ्रॉइडच्या वर्तुळात वावरले. माणूस तर्काने विचार कसा करतो आणि त्याचा तर्क बिघडतो तेव्हा मेंदूत काय होते, हे त्यांचे मूळ कुतूहल होते. मनोविश्लेषणाने त्याची तहान भागेना, तेव्हा ते परत येऊन वैद्यकाकडे वळले. १९२८ मध्ये, तिशीला टेकल्यावर, ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी डॉ. मार्गारेट लीदस यांच्याशी त्यांचे लग्न झाले. कार्डिफच्या मनोरुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णावर काम करून त्यांनी एम.डी. मिळवली.

पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांनी जे केले त्याचे मोल कळायचे तर त्या काळची हवा ध्यानात घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये १९१३ सालच्या कायद्याने बौद्धिकदृष्ट्या मागे असलेल्यांचे वर्ग पाडले होते आणि त्यांना संस्थेत डांबून ठेवण्याची मुभा दिली होती. सरकारी मदतीवर जगणाऱ्या अविवाहित मातेलाही या कायद्याच्या कक्षेत ओढता येत असे. अमेरिकेतील अनेक राज्यांत सक्तीची नसबंदी चालू होती आणि १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली होती. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये तसा कायदा आला. त्याखाली पुढे सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. या सगळ्यामागे सुप्रजाजननशास्त्र नावाची एक विचारसरणी होती: बुद्धी रक्तातून येते, मंदबुद्धी माणसे भराभर मुले जन्माला घालतात, त्यांना आवरले नाही तर समाज खालावेल. हे मत केवळ माथेफिरूंचे नव्हते. प्राध्यापक, डॉक्टर, समाजसुधारक असे जबाबदार लोक ते मांडत होते.

आपल्याकडेही हे वारे पोचले होते. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये अशाच चळवळीची भलामण करणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले होते. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशश्रेष्ठत्ववादी प्राध्यापकांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध लागेल अशी प्राध्यापकांची अपेक्षा होती. कर्वे यांच्या मोजमापात तो लागला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. पेनरोज यांची आणि त्यांची गाठ पडल्याचे कुठे नमूद नाही. पण दोघांपुढचा पेच एकच होता: लोकांना हवे असलेले उत्तर आकडे देत नसतील तर कोणाचे ऐकायचे?

पेनरोज १९३१ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्वेकडील कोलचेस्टर गावातल्या मोठ्या संस्थेत संशोधक डॉक्टर म्हणून रुजू झाले. बौद्धिक अक्षमता असलेली शेकडो माणसे तिथे आयुष्य काढत होती. प्रत्येकाच्या कागदावर एखादा शिक्का असे, कारण बहुधा नसे. पेनरोज यांनी कुठलाही सिद्धांत आधी न धरता एकेका रुग्णाला तपासायला घेतले. डोक्याचा घेर, उंची, रक्त, लघवी, बुद्धिमापन यांच्या नोंदी झाल्या. शिवाय घरी जाऊन आईवडील आणि भावंडांची माहिती घेतली गेली. कोणाचा जन्म कधी, तेव्हा आईवडिलांचे वय किती, किती मुले दगावली, आईवडील नात्यातले आहेत का, हे सगळे लिहिले गेले. असे १,२८० रुग्ण आणि त्यांची कुटुंबे. अहवाल १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘कोलचेस्टर पाहणी’ या नावाने वैद्यकात ओळखला जाऊ लागला.

बौद्धिक अक्षमता हा एक आजार नाही, त्यात कितीतरी वेगवेगळे आजार एकत्र कोंबलेले आहेत, हे त्या पाहणीतून पुढे आले. जन्माच्या वेळची इजा, संसर्ग, एखाद्या जनुकातील दोष, अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम, परिस्थिती अशी कारणे निघाली, आणि बऱ्याच रुग्णांत यांतले दोन-तीन धागे गुंतलेले. बहुसंख्य रुग्णांचे आईवडील सर्वसाधारण बुद्धीचे होते. सर्वांत गंभीर अक्षमता असलेल्यांची भावंडे तर बहुधा अगदी ठणठणीत होती. मग नसबंदी करायची कोणाची? १९३४ मध्ये एका सरकारी समितीने स्वेच्छेच्या नसबंदीचा कायदा करावा अशी शिफारस केली होती. ब्रिटनमध्ये तो कायदा शेवटपर्यंत झाला नाही. त्याचे श्रेय एकट्या पेनरोज यांना देणे अतिशयोक्ती होईल, पण नसबंदीच्या समर्थकांचा शास्त्रीय आधार काढून घेणाऱ्यांत ते सर्वांत पुढे होते.

संस्थेतील रुग्णांत एक गट चेहऱ्यावरून सहज ओळखू येई. तिरके डोळे, चपटे नाक, आखूड बोटे, तळहातावर एकच आडवी रेघ. १८६६ मध्ये लँग्डन डाउन या डॉक्टरांनी त्यांचे वर्णन करताना मंगोल वंशाचे नाव वापरले आणि ते चिकटले. १९२४ मध्ये तर एका इंग्लिश डॉक्टरने ही मुले म्हणजे गोऱ्या घरात उगवलेले मंगोल पूर्वज आहेत, असे पुस्तकच लिहिले. पेनरोज यांनी यावर वाद घातला नाही. त्यांनी या रुग्णांचे रक्तगट तपासले. आशियातील लोकांत रक्तगटांचे प्रमाण युरोपपेक्षा वेगळे असते. या मुलांत ते इतर इंग्लिश लोकांसारखेच निघाले. १९३२ मध्ये हा छोटा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि वंशाच्या त्या कल्पनेला आधार उरला नाही.

मग ही मुले जन्मतात कशामुळे? थोराड वयाच्या आईच्या पोटी ती जास्त दिसतात, हे डॉक्टरांच्या नजरेत आले होते. ती घरातली शेवटची भावंडे असतात, हेही. त्यावरून कोणी म्हणे, वारंवार बाळंतपणांनी आईची कूस थकते. कोणी म्हणे, दोष वडिलांच्या उतारवयाचा. कोणी दारूवर ठपका ठेवी, कोणी गुप्तरोगावर. अडचण अशी की आईचे वय, बापाचे वय आणि मुलाचा क्रमांक या तिन्ही गोष्टी हातात हात घालून वाढतात. सातव्या मुलाच्या वेळी आई चाळिशीची असते आणि बाप पंचेचाळिशीचा. खरा कर्ता कोण आणि नुसता सोबतीला आलेला कोण, हे नुसत्या नजरेला कळत नाही.

पेनरोज यांनी इथे गणित कामाला लावले. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाची तुलना त्यांनी बाहेरच्या कोणाशी न करता त्याच्याच निरोगी भावंडांशी केली. आई तीच, बाप तोच, घर तेच, गरिबी किंवा श्रीमंती तीच. प्रत्येक जन्माच्या वेळचे दोघांचे वय मांडले. मग संख्याशास्त्रातील एक युक्ती वापरली. तिचा गाभा साधा आहे: आईचे वय सारखे असलेले जन्म एकत्र घेतले तर बापाच्या वयाने काही फरक पडतो का, आणि बापाचे वय सारखे ठेवले तर आईच्या वयाने पडतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले, नाही. दुसऱ्याचे, हो. हा निबंध १९३३ चा. पुढच्या वर्षी त्यांनी मुलाच्या क्रमांकालाही तीच कसोटी लावली, आणि आईचे वय धरल्यावर क्रमांकाचा प्रभावही गळून पडला. पहिलटकरीण असो की सातवी खेप, महत्त्व फक्त आईच्या वयाला.

हे का घडते याचा उलगडा खूप उशिरा झाला. मुलीची सगळी स्त्रीबीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यांतील गुणसूत्रांच्या जोड्या अर्ध्यावर थबकून राहतात आणि बीज पक्व होताना, म्हणजे काही दशकांनी, एकमेकांपासून सुटतात. जितका मुक्काम लांबेल तितकी सुटताना चूक होण्याची शक्यता वाढते. आज सर्वसाधारणपणे सांगितले जाणारे आकडे असे: पंचविशीतल्या आईच्या बाराशे-तेराशे बाळांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. याचा अर्थ चाळिशीतही शंभरातली नव्व्याण्णव बाळे या दोषाशिवाय जन्मतात. आणि तरुण वयात बाळंतपणे जास्त होत असल्याने डाउन सिंड्रोमची अनेक मुले तरुण आयांच्याच पोटी येतात. ‘वय लहान आहे, तपासणी कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय आईचे वय हे कारण आहे म्हणजे तो आईचा अपराध आहे, असा अर्थ काढणारी सासरची मंडळी शासकीय रुग्णालयांच्या ओपीडीत आजही भेटतात. ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले, तमुक वजन उचलले, या यादीत वयाचीही भर घालायची गरज नाही.

कोलचेस्टरमध्ये असतानाच नॉर्वेहून एक बातमी आली. तिथल्या एका आईची दोन्ही मुले मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला विचित्र वास येई. ती डॉक्टरांचा पिच्छा सोडत नव्हती. असब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांनी त्या मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले तर रंग हिरवा झाला. हे १९३४ चे. पेनरोज यांनी लगेच आपल्या रुग्णांची लघवी त्याच रसायनाने तपासायला घेतली, तसा रुग्ण शोधला आणि त्याच्या कुटुंबाचा माग काढला. आईवडील दोघेही निरोगी, पण प्रत्येकाकडे एकेक सदोष जनुक. दोन्ही सदोष जनुके एकाच मुलात आली तरच आजार होतो आणि त्याची शक्यता दर खेपेस चारात एक. नात्यात लग्न झाले की दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही अनेक समाजांत आहे, म्हणून हा हिशेब इथल्या वाचकाला परका नाही. जुडा क्वास्टेल या जीवरसायनतज्ज्ञाबरोबर त्यांनी १९३७ मध्ये या आजाराला ‘फिनाइलकीटोन्यूरिया’ हे नाव दिले. डॉक्टर त्याला पीकेयू म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मनोरुग्णांवरील संशोधनाचे प्रमुख म्हणून गेले. त्याच वर्षी, १९३९ मध्ये, त्यांचा आणखी एक गाजलेला निबंध आला. युरोपातील १८ देशांची आकडेवारी मांडून त्यांनी दाखवले की जिथे मनोरुग्णालयांत खाटा जास्त तिथे तुरुंगात माणसे कमी, आणि उलट. यावर आजही वाद चालतो. दोन आकडे उलटसुलट हलतात म्हणून एकामुळे दुसरा हलतो असे म्हणता येत नाही, हे आईबापाच्या वयाचा गुंता सोडवणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होते. पण मनोरुग्णालये बंद करून त्यांच्या जागी काहीच न उभारणाऱ्या सरकारांना हा निबंध अजून बोचतो.

१९४५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्यांना गॅल्टन अध्यासनावर बोलावले. सुप्रजाजननशास्त्र या शब्दाचे जनक फ्रान्सिस गॅल्टन यांच्याच पैशातून हे अध्यासन उभे राहिले होते आणि त्याचे अधिकृत नाव ‘सुप्रजाजननाचे प्राध्यापक’ असे होते. आधी त्यावर कार्ल पीअर्सन आणि आर. ए. फिशर हे संख्याशास्त्राचे दोन दिग्गज होते, आणि दोघेही त्या विचाराचे समर्थक. आता त्याच खुर्चीवर त्या विचाराचा पक्का विरोधक बसला.

पदग्रहणाच्या व्याख्यानासाठी त्यांनी पीकेयू हाच विषय घेतला. त्यांचा हिशेब कोणालाही पडताळता येईल असा होता. समाजात शंभरात एक माणूस या जनुकाचा वाहक आहे असे धरा. दोन वाहकांचे लग्न दहा हजारांत एकदा होईल. त्यांच्या चार मुलांत एक आजारी, म्हणजे चाळीस हजारांत एक रुग्ण. आता रुग्णांची नसबंदी केली तर उपयोग शून्य, कारण ते बहुधा मुले जन्माला घालतच नाहीत आणि जवळपास सगळी सदोष जनुके निरोगी वाहकांकडे आहेत. वाहकांची करायची तर एका रुग्णासाठी चारशे धडधाकट माणसांवर सुरी चालवावी लागेल. शिवाय हा आजार ज्यूंमध्ये विरळा असल्याने वंशशुद्धीच्या नावाने मोहीम काढलीच तर ती नाझींच्या लाडक्या आर्यांवर चालली असती, हा चिमटाही त्यांनी काढला. युद्ध नुकतेच संपले होते, छळछावण्यांच्या बातम्या ताज्या होत्या.

या आजारावर खरा उपाय १९५३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सापडला. आहारातील फिनाइलअॅलॅनिन हा घटक बेताने दिला की एका मुलीत सुधारणा दिसली. जन्मल्याबरोबर निदान झाले तर असे मूल आता सर्वसाधारण बुद्धीचे वाढते. जनुकातला दोष जागच्या जागी राहतो आणि मेंदू वाचतो.

अध्यासनाचे नाव बदलायला वेळ लागला. १९५४ मध्ये पेनरोज यांनी आधी विभागाच्या नियतकालिकाच्या नावातले सुप्रजाजनन काढून मानवी आनुवंशिकी आणले. प्राध्यापकपदाचे नाव १९६३ मध्ये बदलले. त्यांच्या प्रयोगशाळेत या काळात जगभरातून संशोधक येत. जे. बी. एस. हाल्डेन हे त्याच कॉलेजात त्यांचे सहकारी होते. ते १९५७ मध्ये भारतात आले आणि इथेच राहिले.

डाउन सिंड्रोममध्ये गुणसूत्रांत बिघाड असावा, ही शंका त्यांच्या मनात होती. त्यांच्या सहकारी उर्सुला मिटवॉख यांनी १९५२ मध्ये एका रुग्णाच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली. आकडा आला ४८, आणि तो काळजीचा वाटला नाही, कारण तेव्हा सगळ्या माणसांत ४८ गुणसूत्रे असतात असेच मानले जाई. खरा आकडा ४६ आहे हे १९५६ मध्ये कळले. १९५९ मध्ये पॅरिसहून जेरोम लजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की डाउन सिंड्रोममध्ये ४७ असतात. शोध हातातून निसटला होता. पेनरोज यांनी मात्र नव्या तंत्राचे मनापासून स्वागत केले. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवले की काही मोजक्या घरांत जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. अशा घरात आईचे वय कमी असले तरी पुन्हा तसेच मूल होऊ शकते. असे मूल झाल्यावर डॉक्टर त्याची गुणसूत्र तपासणी करायला सांगतात ते याचसाठी.

बापाचे वय त्यांनी निर्दोष ठरवले होते ते फक्त या एका आजारापुरते. १९५५ मध्ये त्यांनी दाखवले की हातपाय आखूड राहणाऱ्या एका प्रकारच्या खुजेपणात उलट घडते. तिथे उतारवयाचा बाप जबाबदार असतो. पुरुषाची बीजे आयुष्यभर तयार होत राहतात आणि दर वेळी नक्कल करताना चूक होऊ शकते, असे कारण त्यांनी सुचवले. पुढच्या संशोधनाने ते उचलून धरले.

हा गंभीर संशोधक घरी लाकडी खेळणी करत बसे. प्लायवुडचे विशिष्ट खाचांचे तुकडे एका खोक्यात ठेवून हलवले तर ते सुटेच राहतात. पण जोडलेल्या तुकड्यांची एक जोडी त्यांत टाकून हलवले की बाकीचे तिच्यासारख्याच जोड्या करू लागतात. डीएनएची रचना उलगडल्यावर चार वर्षांनी, १९५७ मध्ये, स्वतःची नक्कल करणाऱ्या यंत्राचा हा नमुना ‘नेचर’मध्ये छापून आला. मुलगा रॉजर त्यात भागीदार होता. १९५८ मध्ये बापलेकांनी एक अशक्य जिना रेखाटला. त्यावर कितीही चढा, पुन्हा पहिल्या पायरीवरच येता. एशर या डच चित्रकाराने त्यावरून केलेले १९६० चे चित्र जगप्रसिद्ध आहे. रॉजर पेनरोज यांना २०२० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. थोरला ऑलिव्हर भौतिकशास्त्रज्ञ, जोनाथन दहा वेळा ब्रिटनचा बुद्धिबळ विजेता, आणि मुलगी शर्ली आनुवंशिक कर्करोगाची तज्ज्ञ. बुद्धीच्या वारशाबद्दल एवढी सावध भाषा वापरणाऱ्याच्या घरी हे असे!

१९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून मंगोल हे नाव सोडून द्यावे अशी विनंती केली. सही करणाऱ्यांत पेनरोज होते, लजून होते आणि लँग्डन डाउन यांच्या घराण्यातील एक डॉक्टरही. पुढे मंगोलियाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतला आणि १९६५ पासून जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकला.

त्याच वर्षी पेनरोज निवृत्त झाले. केनेडी प्रतिष्ठानच्या पुरस्काराची रक्कम हाताशी होती. तिच्या आधाराने त्यांनी लंडनबाहेर सेंट ऑल्बन्सजवळच्या हार्परबरी रुग्णालयात संशोधन केंद्र काढले. हे रुग्णालयही कोलचेस्टरसारखेच, बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे. इथे ते रुग्णांच्या तळहातांचे ठसे घेत, रेघांमधले कोन मोजत आणि गुणसूत्रांतील बिघाडाशी त्यांचा मेळ लावत. हात पाहून भविष्य सांगणाऱ्यांना हा अभ्यास पटला नसता, कारण पेनरोज त्यात मागे पाहत होते: गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, ठसे उमटतात तेव्हा, काय बिघडले ते. १२ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत हे काम चालू होते.